हसण्याच्या आधीचा चेहरा

१

डॉक्टरीणबाईंनी केलेलं काम कुणाला दिसत नसे, आणि त्यांना मिरवायला तेवढी एकच गोष्ट पुरत होती. त्यांच्या दवाखान्यातून बाहेर पडलेल्या बाईला रस्त्यात मैत्रीण भेटली, की ती म्हणे, "काय गं, सुट्टीवर जाऊन आलीस वाटतं? छान दिसतेस." बस, एवढंच. गाल भरलेत, डोळ्यांखालचे खळगे बुजवलेत, हनुवटीला टेकू दिलाय, हे कुणाच्या बापाला कळत नसे. रस्त्यापलीकडच्या इमारतीतही एक डॉक्टर हेच फिलर, म्हणजे कातडीखाली टोचायचं जेल, भरायचा. पण त्याच्याकडून आलेली माणसं लांबूनच ओळखू येत. गाल असे गरगरीत, की बिचाऱ्या डोळ्यांना उघडायला जागा उरू नये. "हात दाखवून अवलक्षण!" असं म्हणून डॉक्टरीणबाई खिडकीचा पडदा सोडायच्या.

नवी येणारी प्रत्येक बाई घाबरत घाबरत विचारायची, "डॉक्टर, पण ते नैसर्गिक दिसतं का हो?" डॉक्टरीणबाई त्यावर व्याख्यान देत नसत. टेबलाशी उभ्या असलेल्या सिस्टरांकडे हात करून विचारायच्या, "यांच्याकडे बघा. भरलंय की नाही?" समोरची बाई डोळे बारीक करून बघायची, चष्मा काढून बघायची आणि म्हणायची, "छे!" मग सिस्टर कोरडेपणाने सांगायच्या, "दोन्ही गाल, हनुवटी आणि डोळ्यांखाली." सिस्टरांना हे रोजचंच झालं होतं. आपल्याला पगार नर्सचा मिळतो आणि काम शोकेसमधल्या बाहुलीचं करावं लागतं, अशी त्यांची जाहीर तक्रार होती.

स्वतःच्या चेहऱ्याला मात्र डॉक्टरीणबाईंनी सुई लावली नव्हती. त्यांच्या तोडीचा हात शहरात दुसरा नव्हता, आणि स्वतःचा हात स्वतःच्या गालावर नीट चालत नाही. त्यामुळे त्यांच्या सुरकुत्या तेवढ्या अस्सल होत्या.

त्यांची रीत मात्र वेगळी होती. बाकीचे लोक माणसाला आडवं झोपवतात आणि स्वस्थ चेहऱ्यावर खुणा करतात. डॉक्टरीणबाई म्हणत, स्वस्थ चेहरा घेऊन कोण हिंडतं? आणि पूर्ण हसऱ्या चेहऱ्यावर खुणा केल्या तर गाल पुढे मुखवट्यासारखा घट्ट राहतो. त्यांना हवा असे तो मधला क्षण. हसू यायचंय, पण आलेलं नाही. त्या बाईला खिडकीशी ताठ बसवत आणि एक जुना, शिळा विनोद सांगत. एक बाई फोटोग्राफरवर चिडते, म्हणते, दहा वर्षांपूर्वी तुम्हीच माझा फोटो काढला होतात, किती सुंदर आला होता, आणि आजचा हा बघा! फोटोग्राफर फोटोकडे बघतो, बाईकडे बघतो आणि म्हणतो...

इथे डॉक्टरीणबाई थांबत. समोरचा चेहरा हसायच्या तयारीत तसाच अडकून राही. तेवढ्यात त्या पांढऱ्या पेन्सिलीने भराभर खुणा करून घेत. मग बोथट सुई, जेल, बर्फ, सगळं झाल्यावर आरसा हातात देऊन विनोदाचा शेवट सांगत. "बाई, तेव्हा मी दहा वर्षांनी तरुण होतो ना!" आणि त्या नव्या गालांवर हसू उमटताना पाहण्यात त्यांचं खरं मानधन होतं. हसण्याच्या आधीचा चेहरा भरला, की पुढचं सगळं आपोआप खरं दिसतं, हा त्यांचा स्वतःचा शोध होता. तो त्यांनी कुणाला शिकवलाही नव्हता.

२

बँकेतल्या मॅनेजरबाई वर्षाने पुन्हा आल्या. फिलर वर्षभरात हळूहळू विरून जातं, म्हणून लोक पुन्हा येतात. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा गाल दोन बोटांत धरून पाहिला. जराही विरलं नव्हतं. उलट आतलं जेल मांसात असं मुरलं होतं, की आपण कुठे भरलं होतं हे त्यांच्याच बोटांना सापडेना.

"यात भरायला काही नाहीये," त्या म्हणाल्या. "घरी जा. पैसे वाचले."

"असं कसं? कोपऱ्यात थोडंसं तरी घाला. मी सुट्टी टाकून आलेय."

हट्टी बाई. डॉक्टरीणबाईंनी तिला खिडकीशी बसवलं. पण जुना विनोद तिला माहीत होता, म्हणून त्यांनी बसल्या जागी नवा रचायला घेतला. "आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आता आरसा लावलाय. परवा एक आजोबा आत शिरले. समोर बघून म्हणाले, काय हो, कितव्या मजल्यावर जायचंय? समोरून उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी उत्तर नाही. तेव्हा आजोबा म्हणाले..."

आणि मॅनेजरबाईंचे गाल हसले.

हसले म्हणजे पुरते हसले. वर चढले, डोळ्यांच्या कडांना बारीक घड्या पडल्या, हनुवटी किंचित थरथरली. मग सगळं पुन्हा सपाट झालं. मॅनेजरबाई शांतपणे वाट पाहत होत्या.

"हं, काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंची पेन्सिल हवेतच राहिली. आजोबा काय म्हणाले, हे त्यांना स्वतःलाच अजून सुचलं नव्हतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, तेव्हा कुठे शेवट डोक्यात आला. "म्हणाले, म्हातारा भलताच शिष्ट दिसतोय!"

मॅनेजरबाई खळखळून हसल्या. गाल वर चढले, डोळ्यांच्या कडांना त्याच घड्या पडल्या, हनुवटी तशीच थरथरली. मघाचंच हसू होतं ते, फक्त या वेळी त्यात आवाज होता.

डॉक्टरीणबाईंनी स्वतःची समजूत घातली. माणूस विनोद अर्ध्यावरच ओळखतो, हुशार बाई आहे, बँक चालवते. पण जो शेवट सांगणारीच्याच डोक्यात नाही, तो ऐकणारी कशी ओळखेल, हा प्रश्न दिवसभर बुटात खडा गेल्यासारखा टोचत राहिला.

३

पुढच्या आठवड्यात एका सकाळी डॉक्टरीणबाई आतल्या खोलीतून हत्यारांचा स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर येत होत्या. मधल्या दाराला काच होती. काचेपलीकडे बाकावर जुन्या ओळखीच्या बायका बसल्या होत्या. एक मासिक चाळत होती, एक फोनवर खेळत होती, एक नुसतीच पंख्याकडे बघत होती. टेबलामागे सिस्टर पावती फाडत होत्या. सगळे चेहरे आपल्या हातचे, सगळे सुरेख. डॉक्टरीणबाईंची छाती फुगली. असं देखणं बाक दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात असेल?

तेवढ्यात ते सगळे चेहरे एकदम आक्रसले. डोळे घट्ट मिटले, ओठ दाताखाली गेले, गाल वर ओढले गेले. कानाशी फटाका वाजला की होतं तसं. पण हात हलले नव्हते, खांदे हलले नव्हते. मासिकाचं पान उलटणारं बोट उलटतच होतं. आणि लगेच, पाण्यावरची लाट विरावी तसे सगळे चेहरे निवळले.

ते पाहून डॉक्टरीणबाईंच्या हातातला ट्रे सुटला.

फरशीवर केवढा तरी आवाज झाला. बाकावरच्या बायका किंचाळून उठल्या. सिस्टर धावत आल्या.

"काय झालं मॅडम? हात सुटला?"

"तुम्ही दचकलात का?"

"दचकणारच ना! कान फुटले असते."

"आवाजाच्या आधी दचकलात का, विचारतेय मी."

सिस्टरांनी खाली वाकून चिमटे गोळा करता करता वर पाहिलं. "आवाजाच्या आधी कशाला कोण दचकेल? मॅडम, तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी खाल्लं, झोप काढली, रक्तदाबही मोजला. सगळं जागच्या जागी होतं. एवढं मात्र सुटत नव्हतं, की ट्रे पडणार म्हणून ते चेहरे दचकले आणि ते दचकले म्हणून ट्रे पडला. यातलं आधीचं कोणतं, हे ठरवताना त्यांचं शहाणं, शिकलेलं डोकं गोल गोल फिरत राहिलं आणि दर वेळी त्याच काचेच्या दाराशी येऊन थांबलं.

४

डॉक्टरीणबाईंचं सर्वांत चांगलं काम रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसायचं. त्यांची धाकटी बहीण बातम्या वाचायची.

आईवडील गेल्यापासून घरच्या म्हणाव्यात अशा दोघीच उरल्या होत्या. धाकटी शाळेत असताना गाडीचा अपघात झाला आणि पुढची काच तिच्या डाव्या गालात शिरली. जखम भरली, पण गालात खड्डा राहिला आणि ती बाजू नीट हलेनाशी झाली. आवाज मात्र सोन्यासारखा होता. म्हणून ती रेडिओवर गेली, जिथे चेहरा लागत नाही. ताई वैद्यकीला गेली, आणि सगळे शिक्षक हृदयाकडे जा, मेंदूकडे जा म्हणत असताना ती गालाकडे गेली. लोक हसले. ताईने नाकावर माशी बसू दिली नाही. शिकून आल्यावर पहिली सुई तिने धाकटीच्या त्या खड्ड्यातच चालवली. आधी चिकटलेली जखम आतून मोकळी केली, मग थोडं थोडं भरत नेलं. हसण्याच्या आधीचा चेहरा पहिल्यांदा सापडला तो तिथेच.

आता सगळं शहर त्या चेहऱ्याकडे रोज बघत होतं आणि कुणालाही खड्ड्याचा पत्ता नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरीणबाई बातम्या आवाज बंद करूनच बघायच्या, कारण त्यांना बातम्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

ट्रे पडला त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा नीट लक्ष दिलं. धाकटी कुठल्याशा पुलाच्या उद्घाटनाचं वाचत होती. मागच्या चित्रात फुगे होते. तिचा चेहरा मात्र हळूहळू गंभीर झाला, भुवया जवळ आल्या, गाल खाली उतरले. मग पुन्हा निवळला. बऱ्याच वेळाने, खेळांच्या बातम्या चालू असताना, कडेने एक हात आला आणि त्याने तिच्यासमोर कागद सरकवला. चित्र बदललं. धूर, धावणारी माणसं. धाकटीच्या भुवया जवळ आल्या, गाल खाली उतरले.

बातम्या संपल्यावर त्यांनी फोन लावला. "बारके, ती आगीची बातमी तुला आधी माहीत होती का गं?"

"कसली माहीत? चालू बुलेटिनमध्ये कागद आला. मी तर पहिल्यांदाच वाचत होते. का, अडखळले का कुठे?"

"नाही. छान वाचलंस."

"सगळे तेच म्हणतात. आमचा प्रोड्यूसर म्हणतो, तुझ्या चेहऱ्यावर बातमी आधी येते आणि कागद नंतर." धाकटी खुशीत हसली. "तुझी कमाल आहे ताई. मी आपली फुकटची मिरवते."

एरवी हे ऐकून डॉक्टरीणबाई हवेत गेल्या असत्या. गेल्याही, थोड्याशा. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

५

काही महिन्यांनी मॅनेजरबाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा न विचारता थेट आत शिरल्या. बोलत होत्या त्या बढतीविषयी. मोठी शाखा मिळाली, केबिनला खिडकी मिळाली, हाताखाली माणसं वाढली. आवाजात आनंद मावत नव्हता.

आणि चेहरा रडत होता.

डोळ्यांत पाणी नव्हतं. पण ओठांचे कोपरे खाली ओढले गेले होते, हनुवटीला सुरकुत्यांची जाळी पडली होती, गाल राहून राहून थरथरत होते. पोटातून हुंदका यावा आणि तो गळ्यातच अडवून धरावा, तसा चेहरा. त्या चेहऱ्यातून खिडकीची आणि केबिनची हकीकत बाहेर पडत होती.

"हे बघा ना डॉक्टर," त्या म्हणाल्या. "सकाळपासून असंच चाललंय. मला काही झालेलं नाही हो! बँकेत जो तो विचारतोय, कोण गेलं? अहो, कुणी गेलं नाही. दारावरचा शिपाई तर हात जोडून उभा राहिला. हे फिलर सरकलं का?"

डॉक्टरीणबाईंनी गाल चाचपला. गाठ नाही, सूज नाही, लाली नाही. बोटांखाली चेहरा मऊ होता आणि आपल्या कामात गुंतलेला होता. "सरकलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणत असाल तर विरघळवून टाकते. त्याचं इंजेक्शन असतं. एका दिवसात सगळं पाणी होतं."

त्यांनी फ्रिज उघडला, लहानशी बाटली काढली, सुई भरली. वळून पाहतात तो मॅनेजरबाईंचा चेहरा निवळलेला. अगदी स्वच्छ, गुळगुळीत, झोपून उठल्यासारखा.

"गेलं की!" मॅनेजरबाई आरशात बघून म्हणाल्या. "बघा, तुमच्या सुईला घाबरलं!"

दोघी हसल्या. हसू संपायच्या आत पर्समधला फोन वाजला.

भाऊ. सकाळी व्यायामाला गेला होता, तिथेच छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं होतं. आत्ता गेला.

मॅनेजरबाईंनी फोन मांडीवर ठेवला. ओठांचे कोपरे खाली गेले. हनुवटीला जाळी पडली. मघाशी पाहिलेलं सगळं, त्याच क्रमाने पुन्हा त्या चेहऱ्यावर आलं, आता डोळ्यांत पाण्यासकट. डॉक्टरीणबाईंनी त्यांचे खांदे धरले, सिस्टरांना हाक मारली, पाणी मागवलं. हे सगळं करत असताना त्यांच्या डोक्यातला एक कोपरा बघत होता, की गाल कसे उतरतात, कुठे अडखळतात का. कुठेही अडखळत नव्हते. हे दुःख भरलेल्या गालांवरचं आहे असं कुणी म्हटलं नसतं. त्यांना त्याचा अभिमान वाटला, आणि मग स्वतःची इतकी शरम वाटली, की त्या हात धुवायला आत निघून गेल्या.

६

मन चिंती ते वैरी न चिंती. डॉक्टरीणबाईंनी त्या आठवड्यात एकाही नव्या चेहऱ्याला हात लावला नाही. तब्येत बरी नाही, असं सिस्टरांना सांगायला लावलं. सिस्टर ते सांगत होत्या, पण डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे पाठ करूनच बोलायच्या. सिस्टरांच्या चेहऱ्यावर काय उमटेल आणि कशाचं उमटेल, याची त्यांना धास्ती बसली होती.

पंख्याचा आवाज ऐकत त्या रिकाम्या खोलीत बसायच्या आणि हिशेब मांडायच्या. मॅनेजरबाईंचं हसू क्षणभर आधी आलं होतं. त्याच बाईंचं रडणं काही तास आधी आलं. म्हणजे काम जसं मुरत जातं, तसं हे अंतर वाढतं. हे सगळं योगायोग म्हणून सोडून द्यावं, असं त्यांना दिवसातून कितीदा तरी वाटायचं. माणसाची आठवण मागचं पुढे करते, डोळे फसवतात, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. मग त्या काचेच्या दाराकडे बघायच्या आणि पुस्तक बाजूला पडायचं.

सर्वांत मुरलेलं काम कुणाच्या गालात आहे, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्या आता बातम्या आवाज लावून ऐकायच्या आणि पडद्याकडे बघायच्या नाहीत.

७

रविवारी दुपारी दवाखाना बंद असतो. धाकटीने फोन करून ताईला तिथेच बोलावलं. आली ती तोंडाला स्कार्फ गुंडाळून, काळा चष्मा लावून. आत येताच तिने भिंतीकडे तोंड केलं.

"ताई, विरघळवायचं ते इंजेक्शन आहे ना तुझ्याकडे? दे मला."

"आधी वळ इकडे."

"नको. तुझ्याकडे बघितलं की सुरू होतं ते."

"काय सुरू होतं?"

"काय सांगू आता!" धाकटीचा तो सोन्यासारखा आवाज चिरकला. "घरी मी ठीक असते. ऑफिसात ठीक असते. पण बुलेटिन संपवताना मी रोज मनात म्हणते, ताई बघतेय. सवय आहे मला. आणि तेवढं म्हटलं, की चेहरा माझा राहतच नाही. फोनमधला तुझा फोटो उघडला तरी तेच. काल मांजरीच्या पिल्लांची गोड बातमी होती आणि शेवटी मी अशी दिसले, की लोकांनी चॅनेलला फोन केले. प्रोड्यूसर म्हणाला, चेहरा नीट करून ये, नाहीतर पुन्हा रेडिओ. मला रेडिओ चालेल, ताई. खड्डा चालेल. पण हे काढ."

"बारके, वळ. मी बघितल्याशिवाय सुई लावत नाही, माहीत आहे ना तुला?"

धाकटीने स्कार्फ सोडला, चष्मा काढला आणि वळली. खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर पडला.

डॉक्टरीणबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. रडणारे चेहरे त्यांनी खूप पाहिले होते, पण असं कुणी कुणासाठी रडताना पाहिलं नव्हतं. आणि धाकटीला या जगात दुसरं होतं कोण? ज्या माणसासाठी हा चेहरा असा मोडून पडला होता, ते माणूस पांढरा कोट घालून त्याच्यासमोर बसलं होतं.

त्यांनी बाटली काढली. सुई भरली. एक टोचणी, आणि उद्यापर्यंत हे सगळं पुसून जाईल. ना काही दिसेल, ना काही कळेल. त्यांनी धाकटीचा डावा गाल दोन बोटांत धरला.

आणि त्यांना आई गेली तो दिवस आठवला. घर माणसांनी भरलं होतं आणि धाकटी आईच्या उशाशी बसून धाय मोकलून रडत होती. पण रडत होती ती उजवी बाजू. डावी बाजू खड्ड्यापाशी अडकली होती, आणि ओठाचा कोपरा वर ओढला जाऊन ती हसल्यासारखी दिसत होती. एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी बोलली होती. पोरीला आईसाठी धड रडताही आलं नव्हतं, लोकांसमोर. त्या दिवशी ताईने मनाशी ठरवलं होतं, ते काय ठरवलं होतं हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

बोटांमधला गाल थरथरत होता. डावा, उजव्याइतकाच. कदाचित उजव्यापेक्षा कणभर उशिरा, जसं खऱ्या रडण्यात होतं. त्यांनी डोकं थोडं मागे घेऊन पाहिलं. कुठे ओढ नव्हती, कुठे फुगवटा नव्हता. या पोरीला आता पूर्ण रडता येत होतं. घरात माणसं जमतील, दारात चपलांचा ढीग पडेल, आणि कुणी कुणाच्या कानात बोलणार नाही.

भीती होतीच. पण भीतीच्या वर, छातीत, काहीतरी ताठ उभं राहिलं.

त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवून दिली.

"नाही काढायचं," त्या म्हणाल्या.

"अगं, पण का रडतोय हा चेहरा?"

"रडत नाहीये. आतून सूज आहे थोडी. उतरेल आपोआप."

"कधी?"

त्यांनी मनाशी हिशेब केला. जुनं काम, खूप मुरलेलं. त्या रडण्याचं कारण यायला महिनेही लागतील, वर्षंही लागतील. असं म्हणायला काय हरकत होती? "तू प्रोड्यूसरला सांग, डॉक्टरांनी थोडे दिवस विश्रांती सांगितलीय. आणि तोवर माझ्याकडेच राहा. मी तुझा हा रडका अवतार सहन करीन."

"तू मला लहानपणीसुद्धा सहन नाही केलंस," धाकटी म्हणाली. रडणाऱ्या तोंडाने तिने ताईला चिडवलं, आणि दोघींनाही त्याचं हसू आलं.

मग धाकटीचा चेहरा निवळला, फोन वाजायच्या आधी मॅनेजरबाईंचा निवळला होता तसा.

हनुवटीची जाळी पुसली गेली, ओठांचे कोपरे वर आले, गाल आपापल्या जागी जाऊन स्वस्थ बसले. तिने दोन्ही हातांनी तोंड चाचपलं. "ताई! गेलं! अगं, खरंच गेलं बघ, तुझ्याकडे बघतेय तरी काही होत नाहीये!"

आतल्या खोलीतला औषधांचा फ्रिज मघापासून घरघरत होता, तो थांबला. रस्त्यावरून काहीच आवाज येत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दाराकडे पाहिलं नाही, स्वतःच्या छातीवर हात ठेवला नाही. खुर्ची थोडी पुढे ओढली.

"इकडे सरक, उजेडात," त्या म्हणाल्या. "हं, अशी. आता माझ्याकडे बघत राहा. काही झालं तरी."

"अशी काय बघतेस गं?" धाकटी हसत हसत म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कोटाचं वरचं बटण लावलं, पाठ ताठ केली आणि आपल्या सर्वांत चांगल्या कामाकडे डोळे भरून पाहत राहिल्या.